बिनसहीचे हिस्सेदार

पाली म्हटलं की समोरचा माणूस हात जोडतो आणि विचारतो, "म्हणजे बल्लाळेश्वर ना?" ती पाली रायगडातली. तिथे भाविक येतात. आमची पाली रत्नागिरी तालुक्यातली. इथे कोण येईल ते सांगता येत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा मागे टाकला की आमचा तिठा लागतो. एक रस्ता लांजा, राजापूर करत गोव्याकडे जातो, दुसरा नाणीज, साखरपा घेत आंबा घाट चढून कोल्हापूरला पोचतो आणि तिसरा हातखंब्याकडे परततो. चौथा रस्ता नकाशात नाही. तो पऱ्याच्या कडेने निघतो, बंद घराच्या मागीलदारातून जातो, एक गडगा ओलांडतो, कुणाच्या तरी न्हाणीघराला वळसा घालतो आणि समोरच्या राईत शिरतो. त्याला पाटी नाही, टोल नाही, आणि महामार्गासारखं त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलेलं नाही. वापरणारे सगळे चार पायांचे असल्यामुळे ठेकेदाराचा संबंधच आला नाही.

या रस्त्यावरच्या वाहतुकीची खबर सकाळी दुकानात दूध घेताना मिळते.

"रातचा आलता."

"कुणाचा नेलान?"

"वरच्या वाडीत. अण्णांचा टायगर."

पहिल्या वाक्याला कर्ता नाही, तरी 'कोण आलता?' असं कोणी विचारत नाही. बिबट्याला आमच्याकडे सरसकट वाघच म्हणतात. त्यामुळे टायगरला वाघाने नेलं हे ऐकून फक्त मुंबईचा पाहुणा गोंधळतो. बाकीच्यांची चर्चा एव्हाना पुढे गेलेली असते: अण्णा आता पिल्लू कुठून आणणार आणि त्याचं नाव काय ठेवणार? अण्णांनी नव्या पिल्लाचं नावही टायगरच ठेवलं. मागच्याची ताटली, साखळी आणि नाव, तिन्ही शिल्लक होती.

बिबट्याला कुत्रा एवढा का आवडतो, यावर दुकानात बरीच मतं आहेत. शास्त्राने मात्र हा प्रश्न निकालात काढला आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा गोळा करून त्यांचा आहार तपासला. ८७ टक्के खाणं पाळीव जनावरांचं निघालं आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. शेळ्या तिथे कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी पसंती कुत्र्याला. इकडे शासनाच्या भरपाईत गाय, म्हैस, बैल, शेळी बसतात. कुत्रा बसत नाही. ज्याला सगळ्यात जास्त मागणी त्यालाच भाव नाही, असा हा बाजार आंबा सोडला तर दुसरीकडे कुठे बघायला मिळायचा नाही.

रात्रीचे पाहुणे रात्री येतात. दिवसा वानरं असतात. काळ्या तोंडाची वानरं आणि लाल तोंडाची माकडं, असे दोन पक्ष आहेत. त्यांचं आपसात पटत नाही, पण आमच्या बागेबाबत त्यांचं एकमत आहे. वानराला हापूस खाताना एकदा जवळून बघावं. ते फांदीच्या टोकाशी बसतं, लांब शेपूट खाली सोडलेली. हाताशी आलेला आंबा देठापाशी पिरगळून काढतं, नाकाशी नेतं, एकच चावा घेतं, आणि दुसऱ्या आंब्याकडे हात नेता नेता पहिला सोडून देतं. दुसऱ्याचंही तेच. चावा घेताना त्याचा चेहरा एवढा गंभीर असतो की अख्ख्या बागेची प्रतवारी त्याच्याकडे सोपवली आहे असं वाटावं. खाली बागायतदार उभा असतो. त्याच्या डोक्यात फवारणीचा खर्च, गुरख्याचा पगार आणि बँकेचा हप्ता अशी बेरीज चाललेली असते. वर वजाबाकी चालू असते.

२०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांतलाच तो खरा हापूस, असं सरकारी शिक्क्याने ठरलं. तरीही पुण्या-मुंबईत कर्नाटकचा आंबा आमच्या नावाच्या पेटीत बसून विकला जातो आणि भलेभले तो वास घेऊन, मान डोलावून घरी नेतात. वानराला मात्र अजून कोणी कर्नाटकी आंबा हापूस म्हणून खपवलेला नाही. ते कधी पेटीवरचं नाव वाचत बसत नाही. ते थेट उत्पादकाकडून घेतं.

वानरांवरचे उपाय हा आमच्याकडचा मोठा गृहोद्योग आहे. बुजगावणं झालं, चकाकणाऱ्या सीड्या टांगून झाल्या, फटाके झाले, मोबाईलवर वाघाची डरकाळी लावून झाली. एकाने मुंबईहून मुलीचा जुना, कापसाचा पट्टेरी वाघ आणून कौलांवर बसवला. पहिल्यांदा वानरं खरंच बिचकली. मग एक म्हातारं वानर लांबून बघत राहिलं, जवळ आलं, वाघाच्या कानाला हात लावला आणि शेजारी बसून त्याच्या पाठीतल्या उवा शोधायला लागलं. उवा मिळेनात तसा कापूस काढला. आता त्या घराच्या पन्हळीतून पावसाळ्यात वाघ थोडा थोडा खाली येतो.

वानरं बाईमाणसाला भीत नाहीत, असं गावात सगळेच सांगतात. शेजारच्या काकींचा तोच अनुभव. मे महिन्यात खळ्यात आमसुलं आणि आंब्याची साटं वाळत पडलेली; काकी हातात काठी घेऊन राखणीला बसलेल्या; आणि वानरं गडग्यावर बसून काकींचा डोळा लागण्याची वाट बघत असलेली. शेवटी काकींनी काकांची जुनी पँट चढवली, शर्ट घातला, डोक्यावर त्यांची टोपी ठेवली आणि काठी उगारून खळ्यात उभ्या राहिल्या. वानरं पळाली. संध्याकाळच्या एसटीने काका मुंबईहून आले, ते बेड्यापाशीच थबकले आणि म्हणाले, "कोण पायजे वो आपल्याला?" वानरांनी दुसऱ्या दिवशी पँटीतल्या काकी ओळखल्या. काकांना, काकींच्या म्हणण्याप्रमाणे, अजून नीट ओळख पटलेली नाही.

वानरांवर जालीम उपाय एकच, तो म्हणजे बंदूक. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली, ठासणीची, आजोबांच्या वेळची. तिच्यातून बार निघाला की वानरं पळतात, गुरं बुजतात आणि शेजाऱ्याचा रक्तदाब चढतो. पण निवडणूक जाहीर झाली की ही बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. आचारसंहिता म्हणजे आचारसंहिता. २०१९ साली आमच्याकडे लोकसभेचं मतदान २३ एप्रिलला झालं, २०२४ साली ७ मेला. आंब्याची तारीख आणि लोकशाहीची तारीख इतकी बरोबर जुळली की पत्रिका जुळवणाऱ्याने छत्तीस गुण दिले असते. बंदुका ठाण्यात ओळीने निजलेल्या, उमेदवार गाडीवरून हात जोडत फिरताहेत, आणि वर झाडावर मतदारयादीत नाव नसलेला समाज निर्धास्तपणे आपला जाहीरनामा राबवतोय. तिठ्यावरच्या हॉटेलात एकाचं ठाम मत आहे की निवडणूक आयोगाच्या पत्रकार परिषदेची तारीख वानरांना आधी कळते.

रात्र झाली की माळा जागा होतो. कोकणातलं भूतवैभव जगजाहीर आहे. मुंजा, हडळ, गिऱ्हा, देवचार, ज्याच्या त्याच्या हद्दी ठरलेल्या. आमच्या घराच्या माळ्यावर रात्री दोनच्या सुमारास कोणीतरी चालतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पावलं मोजून मापून पडायची. मधेच काहीतरी गडगडत जायचं. ते पणजोबा आहेत आणि लपवलेल्या मोहरा मोजताहेत, अशी घरची समजूत होती. त्यामुळे भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. वीज आली, बॅटरी आली, मग एका धीट भावाने शिडी लावून उजेड टाकला. पणजोबांना काळी शेपूट होती. कांडेचोर! शहाणी माणसं त्याला उदमांजर म्हणतात. गडगडत होत्या त्या मोहरा नव्हेत, सुपाऱ्या. याच उदमांजराला इंडोनेशियात कॉफीची फळं खायला घालतात आणि त्याच्या पोटातून बाहेर पडलेल्या बिया भाजून जगातली एक अतिमहाग कॉफी करतात. म्हणजे कारखाना आमच्या माळ्यावर पिढ्यानपिढ्या बिनभाड्याने चालूच आहे. आगरात कॉफी लावायची तेवढी राहून गेली. सध्या उत्पादन भेरली माड, जाम आणि करवंदांच्या बियांचं आहे, आणि त्याला गिऱ्हाईक नाही.

सापांबद्दल थोडक्यात. रात्री त्यांचं नाव घेत नाहीत. 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे चारही विषारी मान्यवर आमच्या जिल्ह्यात हजर आहेत. त्यांतलं फुरसं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात तापट. जांभ्याच्या चिऱ्याखाली वेटोळं घालून बसतं आणि कोणी जवळ आलं की अंगाच्या कडा एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं. हा आवाज एकदा ऐकलेला माणूस पुढे आयुष्यभर चपला उलट्या करून झाडल्याशिवाय घालत नाही, मग तो दादरच्या चौथ्या मजल्यावर राहत असला तरी.

पण खरी गर्दी जमते ती बिबट्या विहिरीत पडल्यावर. कोकणात कठडा नसलेल्या विहिरी भरपूर. रात्री कुत्र्यामागे किंवा भेकरामागे धावताना बिबट्या पडतो, आणि पहाटे पाणी भरायला गेलेल्या वहिनींना विहिरीतून गुरगुर ऐकू येते. वहिनी कळशी तिथेच टाकतात. तासाभरात वाडी जमते, दोन तासांत गाव, आणि महामार्गावरून जाणाऱ्या गाड्या कडेला लागायला लागल्या की कोणीतरी भेळेचा स्टॉल मांडतो. पोलीसपाटील फोन लावतात. १९२६ हा वनखात्याचा नंबर आता पोरांनाही पाठ आहे. पालीचे वनपाल येतात, रत्नागिरीहून पिंजरा निघतो.

पिंजरा येईपर्यंत बिबट्याला बुडू द्यायचं नाही, म्हणून दोरांना बांधून एक लाकडी बाज खाली सोडतात. बाज पाण्याला टेकताना बिबट्या आधी तिच्यावर फिस्कारतो, मग एक पंजा टाकून बघतो, मग अंग चोरून वर चढतो आणि भिजलेल्या मांजरासारखा, म्हणजे आहे तसाच, पुढचे पाय जवळ घेऊन बसतो. मिश्यांतून पाणी निथळत असतं. वर बघायचं तो टाळतो. वर काठावर अख्खं गाव त्याच्याकडे वाकून बघत असतं आणि प्रत्येकाकडे सल्ला असतो. "दोर डावीकडं घ्या वो!" "पिंजरा आडवा सोडा." "कोंबडी दाखवा, कोंबडी!" "लाईट मारू नका त्याच्या डोळ्यावर," असं सांगणाऱ्याच्या हातात बॅटरी असते. वनखात्याची माणसं एक हात दोरावर आणि एक हात गर्दीवर ठेवून काम करतात. बिबट्या पकडायचं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं असतं. काकांना विहिरीच्या काठावरून मागे कसं न्यायचं, याचं मिळालेलं नसतं.

पिंजरा दार उघडं ठेवून बाजेला लावतात. बिबट्याला अंधारा कोपरा हवाच असतो. तो आत शिरतो, वरून दोर सुटतो, दार खाडकन पडतं आणि टाळ्या वाजतात. पिंजरा वर आला की आत्तापर्यंत सल्ला देणारे सगळे चार पावलं मागे सरतात. वहिनी तेवढ्यात पुढे होऊन कळशी उचलतात आणि विचारतात, "आता ह्या विहिरीचं पाणी कोण पिणार?" पंचनाम्यात या प्रश्नाला रकाना नाही.

मग मागणी होते: याला लांब सोडा. सरकारी खात्यात बदली हा सगळ्या दुखण्यांवरचा उतारा असल्यामुळे मागणी रास्तच वाटते. जुन्नर भागात २००१ नंतर असे पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडले गेले. पुढे अभ्यासात दिसलं की सोडलेल्या भागात माणसांवरचे हल्ले उलट वाढले. अनोळखी मुलूख, डोकं फिरलेलं, पाण्याचा पत्ता नाही, आणि मूळ जागा रिकामी झाली की तिथे दुसरा बिबट्या हजर. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ असाच एक विहिरीतून काढला होता. गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. हा गृहस्थ तिथून चालत निघाला तो सुमारे सव्वाशे किलोमीटर तुडवत, महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात. त्याचं नाव ठेवलं आजोबा, आणि २०१४ साली त्याच्यावर सिनेमाही आला. तोवर आजोबा राहिले नव्हते. २०११ साली मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीने उडवलं. बिबट्या खाडी पोहून जातो. चौपदरी रस्ता त्याला जमत नाही. आम्हालाही जमत नाही.

शहरं या बाबतीत आमच्या फार मागे आहेत, हे अभिमानाने नव्हे पण सांगितलं पाहिजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यात बिबट्या एका मॉलच्या कॅमेऱ्यात दिसला, तर अख्खं शहर टीव्हीसमोर. तो जवळच्याच हॉटेलात सापडला. बिचाऱ्याला खोलीही मिळाली नाही आणि खरेदीही झाली नाही. जून २०२४ च्या अखेरीला चिपळुणात धो धो पावसात एक भलीमोठी मगर रस्त्याने निघाली, रिक्षावाला दिवे लावून कडेला, आणि चित्रफीत जगभर. चिपळूणकरांना वाशिष्ठीतल्या मगरी माहीत होत्या. रस्त्यावरच्या पाण्यात आणि नदीतल्या पाण्यात त्या रात्री फरक करायला मगरीला तरी कुठून जमणार? या दोन्ही गोष्टींवर हसता येतं. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडला शिरलेल्या गव्यावर हसता येत नाही. सकाळच्या फिरण्याच्या वेळी आला, सोसायट्यांच्या भिंतींमधून वाट शोधत राहिला, मागे शेकडो माणसं मोबाईल धरून. पळून पळून दमला, बेशुद्ध करून धरला, आणि मेला. त्या दिवशी जंगलात कोण होतं आणि वस्तीत कोण, हे ठरवणं अवघड गेलं.

आमच्याकडे गवा आला तर माणसं दारं लावून घेतात आणि त्याला जाऊ देतात. यात भूतदया कमी, अनुभव जास्त. आपल्याहून दहापट वजनाच्या पाहुण्याला रस्ता विचारू नये, एवढं शिक्षण घरचं आहे.

तरी गावातला प्रत्येक जण एक प्रश्न विचारतोच: पूर्वी हे एवढे वस्तीत येत नव्हते, आताच का यायला लागले? ग्रामसभेत यावर 'जंगलं तोडली' असं एक उत्तर मिळतं. ते खरं आहे, पण अर्धं. आमच्या जिल्ह्यात सरकारी जंगल नावालाच; झाडं बहुतेक खासगी मालकीची. मालक मुंबईत, झाडं इथे. ठेकेदार उभी राई मोजतो, आगाऊ रक्कम देतो आणि ट्रक लागतात. पण उरलेलं अर्धं उत्तर घराजवळचं आहे. पूर्वी उतारावर नाचणी, वरी होती. भाजावळीसाठी कवळं तोडली जायची, चुलीसाठी लाकूडफाटा निघायचा, उरलेलं गुरं चरायची. घराभोवती हातभर झुडूप राहत नव्हतं. मग चुलीच्या जागी सिलिंडर आला, नाचणीच्या जागी रेशनचा तांदूळ, बैलांच्या जागी पॉवर टिलर, आणि माणसांच्या जागी कुलूप. आजोबा गिरणीत गेले, वडील डोंबिवलीत स्थिरावले, मुलगा विरारला फ्लॅट घेऊन बसला. शेतात रानमोडी आणि घाणेरी माजली, करवंदीच्या जाळ्या पडवीला टेकल्या. एवढी दाट, निवांत, बिनविरोध जागा बघून डुकरीण शेतातच व्याली, तर तिचं काय चुकलं? शिवाय महामार्गालगतच्या ढाब्यांचं उष्टं, कोंबडीवाल्याची घाण, त्यावर पोसलेली कुत्री, आणि चैत्र-वैशाखात विहिरीला पाणी. जनावरं वस्तीत शिरली असं आपण म्हणतो. वस्ती आधीच उठून गेली होती. त्यांनी फक्त ताबा घेतला.

आणि तो ताबा बेकायदा म्हणायचीही सोय नाही. कोकणातला सात-बारा ज्याने पाहिला आहे त्याला हे पटेल. एका गुंठ्यावर बावीस नावं. त्यांतले नऊ कैलासवासी, वारस तपास बाकी. चौघे मुंबईत, दोघे पुण्यात, एक कॅनडात, एकाचा पत्ता नाही, आणि उरलेल्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. यातला एकही जमिनीवर पाय ठेवत नाही. रोज पाय ठेवतात ते साळिंदर, डुक्कर, भेकर, कोल्हा आणि रात्रीचा तो. मालकी बावीस जणांची, वहिवाट यांची. हद्दीची बारीक माहितीही यांनाच. भूमापकाने आमच्या बांधाच्या खुणा शोधायला तीन फेऱ्या मारल्या; साळिंदराने त्याच खुणेखालचा सुरण एका रात्रीत उकरून काढला. नाव तेवढं सात-बाऱ्यावर चढायचं राहिलंय, पण तलाठ्याकडे जाऊन कोणाचं नाव वेळेवर चढलंय?

खऱ्या मालकांची वहिवाट वर्षातून दोनदा असते: मे महिना आणि गणपती. गणपतीत घरं उघडतात, ढोलकी वाजते, पाखाडीवर रात्री दोनपर्यंत पोरं हिंडतात, आणि हे बाकीचे हिस्सेदार समजूतदारपणे पलीकडच्या डोंगराला सरकतात. चाकरमानी मग आरतीनंतर खळ्यात उभा राहून म्हणतो, "कुठंय तुमचा वाघ? उगाच भीती घालता." आम्ही काही बोलत नाही. विसर्जन होतं, एसट्या भरतात, कुलपं लागतात. त्यानंतर उकडीच्या मोदकांचं उष्टं शोधत पहिला येतो तो कोल्हा, आणि मग पूर्वीचं वेळापत्रक चालू होतं. हा सलोखा कोणी लिहून दिलेला नाही. तिकडे वेळासला कासवं किनाऱ्यावर येतात, तर तिथे महोत्सव भरतो, पर्यटक खोल्या आधी राखून ठेवतात. पालीतही बिबट्या महोत्सव भरवावा, अशी एक सूचना मध्यंतरी आली होती. ती मागे पडली. कासवाची पिल्लं बघायला पर्यटक वाकतात. इथे पर्यटकाला बघायला कोण वाकेल याची हमी कोणी घेईना.

त्याऐवजी आता जमिनी बघायला माणसं येतात. सेकंड होमची हौस आहे, पैसा आहे, महामार्ग कधीतरी पुरा होणार आहे. एजंट पांढरी गाडी घेऊन येतो, गिऱ्हाइकाला कातळावर उभं करतो आणि हात लांब करून दाखवतो: तो डोंगर, तो पऱ्या, ती राई, आणि हवा तर काय, फुकट.

गेल्या हंगामात पुण्याच्या एका जोडप्यातल्या बाईंनी विचारलं, "इथे वन्य प्राणी आहेत का हो?"

एजंट मुरलेला. त्याने आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज घेतला. चेहऱ्यावरून भीती आहे की हौस, ते कळेना. "तसे आहेत," तो म्हणाला, "पण त्रास नाही त्यांचा."

"किती आहेत?"

एजंटाने आमच्या अण्णांकडे बघितलं. जमिनीच्या बावीस जणांत अण्णांचंही नाव होतं, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. अण्णांनी तंबाखूचा बार भरला, दुसऱ्या टायगरची साखळी जरा जवळ ओढली आणि समोरच्या राईवरून, गडग्यावरून, गाडीच्या टपावर येऊन बसलेल्या वानरावरून नजर फिरवली.

"कागदावर बावीस आहेत," अण्णा म्हणाले. "त्यांच्या सह्या हे आणतील हो, दोन-चार वर्षांत. बाकीचे राहतात तिथेच, त्यांना विचारून घ्या. नंतर कटकट नको."